वर्षावासात घरची भाजी : पेरणीपासून बियाणे राखण्यापर्यंत

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. या तीन महिन्यांत आपल्या विहारांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. वर्षावासाचा नियम का आला, त्याचे कारण विनयपिटकात सांगितले आहे. भर पावसात भिक्खू चारिकेला फिरत. त्यांच्या पायाखाली हिरवे गवत, कोवळे अंकुर आणि बारीकसारीक जीव तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती. ती तथागतांपर्यंत पोहोचली आणि भिक्खूंनी पावसाळ्यात एका ठिकाणी मुक्काम करावा असे ठरले. कोवळ्या अंकुराची काळजी या नियमाच्या मुळाशी आहे.

हाच काळ बी पेरण्याचा असतो. घरासमोरचा ओटा, खोलीची गॅलरी, चाळीची गच्ची किंवा गावाकडच्या घरामागची हातभर जागा एवढ्यावरही घरची थोडी भाजी निघते. ती कशी पिकवायची हे या लेखात पाहू. पण भाजी काढून थांबायचे नाही. त्या भाजीचे बी पुढच्या हंगामासाठी राखायचे आणि शेजारच्या घरात द्यायचे. इथे मुख्य गोष्ट तीच आहे.

जमीन नाही, पण बी तर आपले असू शकते

जमिनीचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. शेतीवर विसंबून असलेली जादा माणसे उद्योगांकडे वळल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही, असे त्यांनी त्यात मांडले. पुढे वतनदारी आणि खोती यांच्याविरुद्ध ते विधिमंडळातही लढले. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले.

म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. चार कुंड्यांनी जमिनीचा प्रश्न सुटत नाही आणि महागाईही हटत नाही. गायरान जमिनीची लढाई तिच्या जागी आहे आणि ती लढावीच लागेल. पण जमीन हातात नसताना शेतीचे ज्ञानही हातातून जाऊ द्यायचे का, हा प्रश्न वेगळा आहे. आपल्या आज्या दुसऱ्याच्या शेतात राबल्या. तरी घरच्या वाल-भोपळ्याचे बी त्यांनी गाडग्यात राखेत ठेवले. शहरात आलेल्या पिढीकडे ते बीही नाही आणि ते कसे राखायचे याची माहितीही नाही. ही माहिती परत मिळवायला सात-बारा लागत नाही.

बी उगवते ते कारणांमुळे

काही घरांत आजही पेरणीला नक्षत्र पाहतात, हाताला ‘गुण’ आहे की नाही ते पाहतात. आपण कार्यकारणभाव मानणारे लोक आहोत. बी उगवते तेही कारणांनीच. ओल, हवा आणि ऊब ही तीन कारणे जुळली की जिवंत बी उगवते. एक जरी कमी पडले तरी उगवत नाही.

ओल मिळाली की बी फुगते आणि आतला साठवलेला अन्नांश अंकुराला मिळू लागतो. त्याच वेळी बी श्वास घेऊ लागते, म्हणून मातीत हवा लागते. रोज भरभरून पाणी घातले तर मातीतली हवा निघून जाते आणि बी कुजते. घरी पेरलेले बी वाया जाण्याचे हे नेहमीचे कारण आहे. तिसरी गोष्ट ऊब. भेंडी, मिरची, वांगी, काकडी यांना उबदार माती लागते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत त्यांचे बी रेंगाळते. मेथी, पालक, मुळा, वाटाणा यांना मात्र थंडी चालते.

बी उगवले नाही तर नशिबाला बोल लावू नका. तीन कारणांपैकी कोणते चुकले ते तपासा. तिन्ही बरोबर असतील तर बी जुने असणार. त्यासाठी आधीच चाचणी घेता येते. २० बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा, फडके ओलसर ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी उघडा. १६ बियांना मोड आले तर उगवण ८० टक्के. १० पेक्षा कमी आले तर दुसरे बी आणा किंवा दुप्पट पेरा.

विनयातले पाच प्रकारचे बीज

भिक्खूंनी वनस्पतींची नासधूस करू नये असा नियम पातिमोक्खात आहे. तो समजावताना विनयपिटकात बीजाचे पाच प्रकार सांगितले आहेत : मुळापासून येणारे, खोडापासून येणारे, पेरापासून येणारे, शेंड्यापासून येणारे आणि बियांपासून येणारे. हळद व आले मुळाच्या प्रकारात, वड व पिंपळ खोडाच्या प्रकारात, ऊस व बांबू पेराच्या प्रकारात दिले आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या समाजाचे हे बारीक निरीक्षण आजही परसबागेत कामाला येते.

आले-हळद लावायची तर डोळा असलेला गड्डा मातीत ठेवा. शेवग्याला हातभर लांबीची जाड फांदी पुरते. पुदिना आणि रताळे शेंड्याच्या तुकड्यावर लागतात. बाकीच्या बहुतेक भाज्यांना बी लागते. पुढची माहिती या पाचव्या प्रकाराची आहे.

कोणते बी घ्यावे

दुकानात दोन प्रकारचे बी मिळते. एक सरळ वाणाचे. त्यात गावरान आणि कृषी विद्यापीठांचे सुधारित वाण दोन्ही येतात. दुसरे संकरित म्हणजे हायब्रीड. त्याच्या पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ असे छापलेले असते. संकरित बी दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून तयार करतात. त्याचे पहिले पीक एकसारखे आणि चांगले येते. पण त्या पिकाचे बी राखून पेरले तर पुढची झाडे एकसारखी निघत नाहीत. म्हणून दर हंगामाला नवे पाकीट विकत घ्यावे लागते.

बी राखायचे असेल तर सरळ वाण मागून घ्या. उदाहरणार्थ, भेंडीचा ‘परभणी क्रांती’ हा वाण परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढला. पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाला दाद न देणारा वाण म्हणून तो प्रसिद्ध झाला. तो सरळ वाण आहे, त्याचे बी घरी राखता येते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत बियाणे विक्री होते. कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करा. गावाकडे कुणी गावरान बी राखत असेल तर तिथून मूठभर आणणे सगळ्यांत सोपे.

एक सावधगिरी. पाकिटातल्या बिया गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगाच्या दिसल्या तर त्यांना बुरशीनाशक चोळलेले असते. अशा बिया मुलांच्या हाती देऊ नका, पेरल्यावर साबणाने हात धुवा आणि उरलेले बी चुकूनही खाण्यात येऊ देऊ नका.

कुंडी, माती, खत

विकतच्या कुंड्यांची गरज नाही. तेलाचा डबा, रंगाची धुतलेली बादली, तांदळाची गोणी, मासळीचा थर्माकोलचा खोका काहीही चालते. कीटकनाशकाचे किंवा रसायनाचे डबे मात्र कितीही धुतले तरी वापरू नका. डब्याच्या तळाला चार-पाच भोके पाडा. पालेभाज्यांना ६ ते ८ इंच खोल माती पुरते. वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी यांना १२ इंच लागते. वेलांना त्याहून मोठी गोणी द्या.

माती, कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि वाळलेला पालापाचोळा (किंवा नारळाचा भुसा) समभाग मिसळा. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती डब्यात घट्ट बसते आणि सुकली की भेगाळते. तिच्यात थोडी वाळूही घाला. कोकणातल्या तांबड्या मातीतून पाणी लवकर निघून जाते. तिच्यात खत वाढवा.

खत घरी करता येते. भोके पाडलेल्या जुन्या बादलीत भाजीची देठे-साले आणि वाळलेला पाला यांचे आलटून पालटून थर द्या. ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवा, आठवड्यातून एकदा हलवा. दोन-तीन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत तयार होते. घाण वास आला तर पाणी जास्त झाले असे समजून सुका पाला वाढवा.

दोन गोष्टी वस्तीत विसरू नयेत. ओली माती जड असते. पत्र्यावर किंवा जुन्या स्लॅबच्या मधोमध डबे न मांडता भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेत मांडा. दुसरे, कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. ताटली ठेवूच नका किंवा आठवड्यातून दोनदा रिकामी करून घासा.

पेरणी आणि उगवण

बी किती खोल पेरायचे याचा नियम सोपा आहे : बियाच्या जाडीच्या दुप्पट ते तिप्पट. माठाचे बी बारीक असते, ते नुसते भुरभुरून वर चिमूटभर माती टाकावी. भोपळ्याचे बी बोटाच्या एका पेराइतके खोल जावे. पेरल्यावर हाताने हलके दाबा म्हणजे बी मातीला चिकटते. पाणी झारीने किंवा भोके पाडलेल्या बाटलीने द्या.

नव्याने सुरू करणाऱ्याने या भाज्या घ्याव्यात :

• मेथी : ३ ते ५ दिवसांत उगवते, २५ ते ३० दिवसांत भाजी. जोराच्या पावसात कोलमडते, म्हणून पावसाळ्यात आडोशाला ठेवा.

• माठ : पावसाळ्यातली सर्वांत सोपी पालेभाजी. साधारण महिन्यात पहिली खुडणी. मूळ न उपटता शेंडे खुडले तर पुन्हा फुटते.

• कोथिंबीर : धने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा. उगवायला ८ ते १५ दिवस लागतात, त्यामुळे घाई करून माती उकरू नका.

• भेंडी : बी १२ तास भिजवून थेट डब्यात पेरा. रोपाची जागा बदललेली तिला मानवत नाही. साधारण ४५ ते ५५ दिवसांत पहिली भेंडी.

• चवळी, गवार, वाल : जून-जुलैत थेट पेरा. ही शेंगवर्गातली पिके आपल्या मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र मिळवतात, त्यामुळे खत कमी लागते.

• टोमॅटो, वांगी, मिरची : आधी पसरट डब्यात रोपे करा. टोमॅटो साधारण २५ ते ३० दिवसांनी आणि वांगी-मिरची ३५ ते ४० दिवसांनी मोठ्या डब्यात लावा. लावणी संध्याकाळी करा आणि दोन दिवस सावली द्या.

• दोडका, दुधी, कारले : मांडव किंवा दोरीचा आधार हवा. कारल्याचे बी २४ तास भिजवा.

पालक, मुळा, गाजर, वाटाणा यांची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे वर्षावास संपल्यानंतर.

रोप वर आल्यावर

दाट रोपे उपटून विरळ करा. जीव चुटपुटतो, पण दाटीत एकही रोप धड वाढत नाही. मेथी-माठाची काढलेली रोपे भाजीत जातात. टोमॅटो-वांगी-मिरचीची रोपे फेकून द्या किंवा दुसरीकडे लावा, खाऊ नका.

फळभाज्यांना रोज निदान सहा तास ऊन लागते. पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवतात. एवढेही ऊन नसेल तर आपल्या खोलीपेक्षा विहाराची गच्ची चांगली.

कोवळी रोपे बुंध्याशी सडून आडवी पडू लागली तर ती बुरशी आहे. पाणी कमी करा, रोपे विरळ करा आणि वारा लागू द्या. मावा किंवा तुडतुडे दिसले तर ५० ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, थोडे साबणाचे पाणी मिसळा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. आठवड्याने पुन्हा करा.

वेलाला फुले येतात पण फळ धरत नाही, अशी तक्रार शहरात खूप असते. या वेलांवर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते. मधमाश्या फिरकत नसतील तर नर फूल तोडून त्याचे परागकण मादी फुलाला हाताने लावा. काकडी, कारले, भोपळा यांची फुले सकाळी आणि दुधी-दोडक्याची संध्याकाळी उमलतात, त्या वेळेला हे काम करा. दुधी किंवा काकडी कडू लागली तर ती खाऊ नये. कडू दुधीच्या रसाने विषबाधा होते. त्या वेलाचे बीही राखू नये.

बियाणे कसे राखावे

सुरुवातीला ज्यांचे परागीकरण आपल्याच फुलात होते अशी पिके घ्या : टोमॅटो, वाल, मेथी, चवळी, वाटाणा. यांचे वाण सहसा शुद्ध राहते. भेंडी, वांगी, मिरची यांच्यात थोडी सरमिसळ होते. एका ठिकाणी एकच वाण लावले तर अडचण येत नाही. भोपळा, दोडका, काकडी, मुळा, पालक यांच्यात मात्र शेजारच्या वाणाशी सहज संकर होतो. त्यांचे बी राखणे हा पुढचा धडा समजा.

बी राखायचे झाड सुरुवातीलाच निवडा. सर्वांत निरोगी झाडाला दोरा बांधा आणि त्याची फळे खाण्यासाठी तोडायची नाहीत असे घरात सर्वांना सांगा. उरलेसुरले, किडके फळ बियाण्याला ठेवले तर पुढच्या वर्षी तसेच पीक येण्याची शक्यता वाढते.

भेंडी झाडावरच वाळून तपकिरी होऊन तडकू लागली की काढा. वांगे पिवळे-तपकिरी होईपर्यंत झाडावर ठेवा. चवळी-वालाच्या शेंगा वाळून खुळखुळल्या पाहिजेत. टोमॅटो पूर्ण पिकला की गर बियांसकट वाटीत काढा, थोडे पाणी घालून दोन-तीन दिवस आंबू द्या, मग चोळून धुवा. बियांवरचा चिकट थर निघून जातो आणि तळाला बसलेले बी घ्यायचे.

सगळे बी सावलीत, वाऱ्यावर वाळवा. मोठे बी दाताखाली कडक लागले, दाताचा ठसा उमटला नाही, म्हणजे वाळले. झाकण घट्ट असलेल्या काचेच्या बरणीत ठेवा, सोबत कोरडी राख किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. बरणीवर भाजीचे नाव, महिना, वर्ष आणि बी कुणाकडून आले ते लिहा. कांद्याचे बी वर्षभरात निकामी होते. टोमॅटो, वांगी, भोपळा यांचे बी नीट ठेवले तर तीन-चार वर्षे चालते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे या आदिवासी शेतकरी बाईंनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली. शाळेत न गेलेल्या राहीबाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. बियाण्याचे ज्ञान पदवीवर अवलंबून नाही, हे त्यांच्या कामाने दाखवून दिले आहे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने पाकिटबंद करून मात्र विकता येत नाही. हा हक्क कार्यकर्त्यांनी माहीत करून घ्यावा आणि गावातल्या शेतकऱ्यांनाही सांगावा.

विहारात बियाण्यांचा डबा

हे काम एकट्याने केले तर दोन-तीन हंगामांत सुटून जाते. विहारात केले तर टिकते. त्यासाठी निधी लागत नाही. एक घट्ट झाकणाचा डबा, कागदी पुड्या आणि एक वही पुरे. वहीत कुणी कोणते बी नेले ते लिहायचे. नियम एकच ठेवा : एक पुडी न्यावी आणि पीक आल्यावर दोन पुड्या आणून द्याव्यात. एक पुडी डब्यात राहील, दुसरी नव्या घरी जाईल.

कामाची वाटणीही सहज होते. बालसंस्कार वर्गातली मुले २० बियांची उगवण चाचणी घेतील आणि टक्केवारी काढतील. त्यातून त्यांना कार्यकारणभाव पाठ न करता समजेल. महिला मंडळातल्या ज्येष्ठ उपासिकांना वाळवण आणि साठवण आपल्यापेक्षा जास्त कळते. त्यांना शिकवायला बसवा आणि त्यांच्या नावानिशी लिहून घ्या. तरुणांनी माती वाहावी, डबे जमवावेत आणि कृषी विज्ञान केंद्रातून सरळ वाण आणावेत.

या आषाढ पौर्णिमेला प्रत्येक घराने निदान दोन भाज्या पेराव्यात, एक खायला लवकर येणारी आणि एक बी राखायला सोपी. मेथी आणि चवळी घेतल्या तरी चालेल. आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होते, तेव्हा चवळीच्या शेंगा वाळलेल्या असतील. त्या दिवशी फुलांसोबत विहारात आपापल्या घरच्या बियांची एक एक पुडी आणा आणि वहीत पहिली नोंद करा.

नमो बुद्धाय, जय भीम!